पत्त्याच्या पट्टीची पागडी

या महिन्यात सतरा पत्रं आली. त्यातल्या अकरांचं दुखणं एकच, ब्राउझरमध्ये न बोलावलेलं शोधयंत्र येऊन बसलंय. तेव्हा प्रिंटरवाल्यांनी आणि 'ज्ञ उमटत नाही'वाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी. सदर तेच आहे आणि मीही तीच, कऱ्हाडची टायपिंगवाली बाई. रेमिंग्टन गेले, संगणक आले, पण शंका विचारणारे तेच राहिले.

ताई, क्रोम उघडला की गूगलच्या जागी भिंगाचं चित्र असलेलं अनोळखी पान येतं. वरच्या पट्टीत काही लिहून एंटर मारलं की पत्ता दोन-तीनदा झरझर बदलतो आणि भलत्याच शोधयंत्राचा निकाल समोर येतो. सेटिंगमध्ये जाऊन गूगल निवडतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गल्लीतला मुलगा म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल, आठशे रुपये होतील. नातवंडांचे सगळे फोटो त्यात आहेत. मारू का फॉरमॅट? — निवृत्त बँक कर्मचारी, चिपळूण

अजिबात मारू नका. घरात उंदीर शिरला म्हणून कुणी भिंती पाडत नाही. गल्लीतल्या मुलाला दोष देत नाही मी. फॉरमॅट हा एकच उपाय त्याला असा माहीत आहे की जो कधी चुकत नाही, आणि आठशे रुपयांत शोधाशोध करत बसणं त्याला परवडतही नसेल. पण काका, तुम्हाला वेळ आहे.

तुम्हाला मी फोनवर विचारलं होतं की तीन आठवड्यांपूर्वी संगणकात नवं काय घेतलंत. "काहीच नाही" म्हणालात. मग मागून काकूंचा आवाज आला, "अहो, ते मेडिक्लेमचे कागद जोडायचं काहीतरी नव्हतं का?" तिथेच सापडलं. सात पीडीएफची एक फाइल करायला तुम्ही फुकटचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, घेतलंत. ते घेताना क्रोमने परवानग्यांची छोटी चौकट दाखवली असणार. तिच्यात 'शोधाची सेटिंग बदलणे' अशा अर्थाची एक ओळ असते. पुढे तुम्ही पहिला शोध घेतलात तेव्हा क्रोमने पुन्हा विचारलं असेल की शोध परत गूगलवर न्यायचा का, आणि खाली दोन बटणं, एक 'परत न्या' आणि दुसरं 'राहू द्या' अशा अर्थाचं. आपल्याला चौकट दिसली की ती आधी घालवायची असते. तुम्ही दुसरं बटण दाबलंत. मग रोज सेटिंग बदलून उपयोग काय? तुम्ही खोली झाडून घेताय, पण पोटभाडेकरूकडची किल्ली तशीच आहे.

तर आधी किल्ली घ्या. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यात तीन उभे ठिपके आहेत, तिथून एक्स्टेन्शन्सच्या पानावर जा. भिंगाचं चित्र तिथे शोधू नका, मिळणार नाही. ही मंडळी पीडीएफ, हवामान, नकाशा, कूपन, पाककृती अशी साधीभोळी नावं घेऊन बसलेली असतात. आपण कधी आणि कशासाठी घेतलं हे ज्याचं आठवत नाही ते सगळं काढा. मग सेटिंगमध्ये 'सर्च इंजिन' उघडा, यादीतलं अनोळखी नाव पुसा, गूगल किंवा जे हवं ते निवडा. त्याच सेटिंगमध्ये 'ऑन स्टार्टअप' आहे. ब्राउझर उघडताना कुठलं पान यावं हे तिथे ठरतं, म्हणून तिथलाही पत्ता तपासा.

एवढ्याने दहातल्या सात जणांचं काम होतं. राहिलेल्या तिघांसाठी पुढचं.

डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चित्रावर उजवी टिचकी मारा, 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'टार्गेट' नावाचा चौकोन पाहा. त्यात क्रोम संगणकात कुठे ठेवलाय त्याचा लांबलचक पत्ता असतो आणि तो 'क्रोम डॉट ईएक्सई' या शब्दांनी, त्यामागच्या अवतरण चिन्हाने संपतो. पुढे जागा सोडून एखादं संकेतस्थळ लिहिलेलं दिसलं, तर चोर तिथे आहे. म्हणजे ब्राउझरच्या आत काही बदललेलंच नसतं. दारावरची पाटी बदललेली असते, आणि तुम्ही रोज त्याच दारातून आत जाता. तेवढा शेपटाचा तुकडा पुसा, ओके म्हणा. माझ्याकडे येणाऱ्या जाणत्या मुलांनासुद्धा ही जागा माहीत नसते.

तीन ठिपक्यांच्या यादीच्या तळाशी 'तुमचा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते' अशा अर्थाचं वाक्य दिसतंय का, तेही बघा. ऑफिसातल्या संगणकावर ते असणारच. चिपळूणच्या घरी, जिथे संस्था म्हणजे तुम्ही आणि काकू, तिथे ते का असावं? काही अँटिव्हायरसही ते वाक्य आणतात, म्हणून लगेच घाबरू नका. पण कंपन्यांना आपले संगणक एका जागेवरून चालवता यावेत म्हणून क्रोमने 'पॉलिसी' नावाची जी सोय ठेवली आहे, तीच वापरून एखादं एक्स्टेन्शन असं ठोकून बसवता येतं की 'काढा' हे बटणच चालत नाही. असं असेल तर मात्र त्या मुलाला बोलवा आणि "फॉरमॅट नको, पॉलिसी काढून दे" असं नेमकं सांगा. नेमकं सांगितलं की पैसेही कमी पडतात, असा माझा अनुभव आहे.

शेवटी क्रोमच्या सेटिंगमध्ये 'रीसेट' आहे, ते दाबा. बुकमार्क आणि जपून ठेवलेले पासवर्ड राहतात, एक्स्टेन्शन्स बंद पडतात. नातवंडांच्या फोटोंना त्याचा वाराही लागत नाही.

एक गोष्ट मनाविरुद्ध सांगते. गेले तीन आठवडे तुम्ही पट्टीत जे जे लिहिलंत ते त्या पानाच्या मालकाकडे गेलं आहे. त्या एक्स्टेन्शनला 'सर्व संकेतस्थळांवरची माहिती वाचणे व बदलणे' ही परवानगीही असेल, तर बँकेचा पासवर्ड बदला, आणि तो काकूंच्या फोनवरून बदला, या संगणकावरून नको. तुम्ही बँकेतले आहात, जास्त सांगायला नको.

मावशी, मला भलत्या शोधयंत्रावर नेऊन या लोकांना मिळतं काय? माझं काही चोरीला गेलं नाही, पैसेही गेले नाहीत. दुसरं म्हणजे आमचे सर म्हणतात फायरफॉक्स वापरा, तो फुकट आहे, खुला आहे. मग तिथे काम करणाऱ्यांचे पगार कोण देतं? — बीसीएस दुसरं वर्ष, बार्शी

तुला वाटतंय तू दोन प्रश्न विचारलेस. प्रश्न एकच आहे गं, आणि दोन्हीकडे पैसा एकाच नळातून येतो.

आत्ता हातातलं काम ठेव आणि दोन शोध घे. पहिला 'संत जनाबाई अभंग'. दुसरा 'होम लोन व्याजदर'. पहिल्याला बहुतेक नुसते निकाल येतील. दुसऱ्याला वरच्या अंगाला 'प्रायोजित' अशी बारीक अक्षरं असलेल्या ओळी येतील. त्या ओळीवर टिचकी पडली की जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे कापले जातात. तुझ्या खिशातून काहीच जात नाही, म्हणून तुला चोरी दिसत नाही. शोधयंत्राच्या कंपन्या म्हणतात, गिऱ्हाईक आमच्या दारात आणून सोडा, कापलेल्या पैशातला वाटा तुमचा. हा धंदा उघड आहे, कायदेशीर आहे. ब्राउझर हायजॅक करणारा या रांगेत मागल्या दाराने घुसतो. तुझा शोध पकडतो, स्वतःच्या पाटीखालून नेतो, आणि शेवटी एखाद्या खऱ्याखुऱ्या शोधयंत्राकडे सोडतो. चिपळूणच्या काकांच्या पट्टीत पत्ता झरझर बदलतो तो म्हणूनच. वाटेत प्रत्येक नाक्यावर कुणीतरी 'हे गिऱ्हाईक माझ्याकडून आलं' असा शिक्का मारून घेतं.

एका माणसामागे यात सुटतं काय? चिल्लर. पण लाखांनी गुणलं की चिल्लरचं पोतं होतं. चेक पॉइंट या सुरक्षा क्षेत्रातल्या इस्रायली कंपनीने जून २०१७मध्ये 'फायरबॉल' नावाचं असं एक प्रकरण उघड केलं. बीजिंगच्या एका जाहिरात कंपनीचं ते काम होतं. फुकटच्या सॉफ्टवेअरच्या पुडीत बांधून आत यायचं आणि होमपेज व शोधयंत्र बदलायचं. चेक पॉइंटचा अंदाज जगभरात २५ कोटी संगणकांचा होता, आणि सर्वांत जास्त भारतात, अडीच कोटींच्या वर. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला आहे असं म्हटलं. निम्म्याचा निम्मा धरला तरी आपला पहिला नंबर काही भूषणावह नव्हे. 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' ही आपली सवय त्यांना पक्की ठाऊक होती.

मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू? माझ्या वर्गात बारा संगणक होते तेव्हाची गोष्ट. एका फुकटच्या फॉन्टसाठी मी पानावरचं सर्वांत मोठं हिरवं 'डाउनलोड' बटण दाबलं. ते बटण जाहिरात होती. खरी लिंक खाली बोटभर अक्षरांत होती, निळी. आलेली फाइल मी पेन ड्राइव्हवर घेतली आणि वेळ वाचावा म्हणून स्वतःच्या हाताने बाराही संगणकांत घातली. सकाळी सातच्या बॅचला बारा पडद्यांवर प्रत्येकी तीन टूलबार, एकाखाली एक, वर्तमानपत्राच्या मथळ्यांसारखे. मजकुराला उरली चार बोटं जागा. एक मुलगा म्हणाला, "बाई, नवीन व्हर्जन आलं का?" मी "हो" म्हणाले. खरं सांगायचं धैर्य झालं नाही, आणि दुपारभर दार लावून साफ करत बसले.

आता फायरफॉक्स. पत्त्याची ती पट्टी ही मोक्याची जागा आहे, एसटी स्टँडच्या दारातल्या गाळ्यासारखी. माणूस बसमधून उतरला की पहिला चहा तिथेच घेतो, कारण पुढे चालत जायचा कंटाळा. तसा आपल्यालाही सेटिंग बदलायचा कंटाळा. त्या कंटाळ्याची जी किंमत ती या गाळ्याची पागडी, आणि फुकटचे ब्राउझर बहुतांशी या पागडीवर जगतात.

नेहमी असं नव्हतं. नव्वदच्या दशकात नेटस्केपचा ब्राउझर अमेरिकेतल्या दुकानांत खोक्यातून ४९ डॉलरला विकत मिळायचा. मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विंडोजबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली आणि विकाऊ ब्राउझरचा बाजार उठला. १९९८च्या जानेवारीत नेटस्केपने आपला ब्राउझर फुकट केला आणि त्याचा मूळ कोड खुला करत असल्याचं जाहीर केलं. त्याच कोडातून पुढे मोझिला, म्हणजे फायरफॉक्स बनवणारी संस्था, उभी राहिली. नॉर्वेच्या ऑपेरा ब्राउझरची तऱ्हा आणखी बोलकी आहे. आधी पैसे देऊन घ्यायचा. २०००मध्ये पैसे नको असतील तर वर जाहिरातीची पट्टी सोसा, असा पर्याय आला. मग सप्टेंबर २००५मध्ये पट्टीही गेली आणि किंमतही, कारण गूगलकडून शोधाचा पैसा येऊ लागला होता. डोळ्यांना दिसणारी जाहिरात काढून तिच्या जागी न दिसणारा करार बसवला, एवढंच झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

फायरफॉक्स १.० आला ९ नोव्हेंबर २००४ला, आणि तो गूगलचा हात धरूनच आला. मोझिलाचं २००४चं उत्पन्न ५८ लाख डॉलर होतं, २००५मध्ये ते ५ कोटी २९ लाख झालं. एका वर्षात नऊपट. देणग्यांनी असं होत नाही, पागडीने होतं. २०२३ साली मोझिलाचं उत्पन्न सुमारे ६५ कोटी डॉलर होतं आणि त्यातले ४९ कोटींच्या वर अशा करारांच्या रॉयल्टीचे, बहुतेक गूगलकडून आलेले. तुझ्या सरांना सांग, फायरफॉक्स खुला आहे हे खरं, स्वतंत्र आहे हेही मला मान्य, पण त्याचा शिधा प्रतिस्पर्ध्याच्या कोठारातून येतो.

डोळ्यांनी बघायचंय? फायरफॉक्सच्या पट्टीत काहीही लिहून गूगलवर शोध, आणि निकाल आल्यावर त्या पानाचा पूर्ण पत्ता नोटपॅडवर उतरवून घे. त्यात तुझ्या शब्दांनंतर 'क्लायंट' असा शब्द आणि बरोबरच्या चिन्हापुढे 'फायरफॉक्स' नि त्याला जोडून एक-दोन अक्षरं दिसतील. हा तो शिक्का. हे गिऱ्हाईक फायरफॉक्सच्या गाळ्यातून आलं, वाटा त्यांना. हायजॅक करणाऱ्याचा शिक्का आणि हा शिक्का, यंत्राच्या दृष्टीने दोन्ही भाऊभाऊ. फरक एवढाच की मोझिला आपला ताळेबंद दरवर्षी जाहीर करते, आणि तू सेटिंगमध्ये जाऊन शोधयंत्र बदललंस की ते बदललेलं राहतं. हा फरक मला पुरतो. तुला पुरतो का ते तू ठरव.

गाळ्याचा भाडेकरू बदलला तर काय होतं, तेही एकदा बघून झालंय. नोव्हेंबर २०१४मध्ये मोझिलाने अमेरिकेत गूगलला उठवून याहूला बसवलं, पाच वर्षांच्या करारावर. वर्षाला साडेसदतीस कोटी डॉलरचा तो व्यवहार असल्याचं पुढे बाहेर आलं. पैसा आला, पण लोक काही याहूवर रमले नाहीत. कुणी सेटिंग बदलून गूगलवर परतले, कुणी ब्राउझरच सोडला. तीन वर्षांत, नोव्हेंबर २०१७मध्ये, मोझिलाने करार मोडून पुन्हा गूगल आणलं. मग दोघे एकमेकांविरुद्ध कोर्टात. तू फुकट वापरतेस त्या गोष्टीवरून हे भांडण चाललं होतं.

आणि क्रोम? तो गूगलचा स्वतःच्या मालकीचा गाळा. तिथे पागडी द्यावी लागत नाही, म्हणून तर २००८मध्ये तो बांधला. बाकीच्यांना गूगल किती मोजतं, हे अमेरिकेच्या न्याय खात्याने भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात बाहेर आलं. २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर. तेव्हाच्या दराने जवळजवळ दोन लाख कोटी रुपये. त्यातला सिंहाचा वाटा ॲपलचा. सफारी ब्राउझरमधून होणाऱ्या शोधांच्या जाहिरात उत्पन्नातला ३६ टक्के वाटा ॲपलला मिळतो, हे तिथे एका साक्षीदाराच्या तोंडून निसटलं आणि वकिलांचे चेहरे पडले म्हणतात.

निकाल देणारे न्यायाधीश अमित मेहता मूळचे पाटणचे. आमच्या कऱ्हाडशेजारचं पाटण नव्हे, गुजरातमधलं. मी तो खुलासा वाचेपर्यंत दोन दिवस उगाच अभिमानाने फिरत होते. ५ ऑगस्ट २०२४ला त्यांनी गूगलला शोधाच्या बाजारात बेकायदा मक्तेदारी राखल्याबद्दल दोषी ठरवलं. मग शिक्षा काय, यावर वर्षभर काथ्याकूट. पागडी द्यायलाच बंदी घाला, असं सरकारचं म्हणणं. त्यावर मोझिलाचा अर्थप्रमुख साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या उत्पन्नातला ९० टक्के भाग फायरफॉक्समधून येतो आणि त्यातला ८५ टक्के गूगलकडून. हे बंद झालं तर आम्हीच बंद पडू. मक्तेदाराला चाप लावायचा तर त्याचा प्रतिस्पर्धीच आडवा येतो, कारण त्याचं पोट मक्तेदाराच्या पैशावर. सप्टेंबर २०२५मध्ये निकाल आला. क्रोम विकायला लावला नाही, पैसे देण्यावरही बंदी नाही, पण 'फक्त आम्हालाच ठेवा' असे करार करता येणार नाहीत आणि गाळ्याचा करार वर्षावर्षानेच करायचा, हे डिसेंबरमधल्या अंतिम आदेशात आलं. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या भाडेकराराची आठवण झाली मला.

मुलगा म्हणतो ब्रेव्ह घ्या, सून म्हणते डकडकगो. दोघंही म्हणतात हे पाळत ठेवत नाहीत. हे तरी पागडी घेत नाहीत ना? — गृहिणी, परभणी

ब्रेव्ह हा ब्राउझर, डकडकगो हे शोधयंत्र. दोन्ही चांगले आहेत, पण कुणालाही देव्हाऱ्यात बसवू नका. डकडकगो पाळत न ठेवता जाहिराती दाखवतं, म्हणजे 'शेगडी' शोधलीत तर शेगडीची जाहिरात आणि गोष्ट तिथेच संपली. त्या जाहिराती येतात मायक्रोसॉफ्टच्या जाळ्यातून. २०२२मध्ये एका संशोधकाच्या लक्षात आलं की डकडकगोचा स्वतःचा ब्राउझर इतरांचे माग काढणारे तुकडे अडवतो, पण मायक्रोसॉफ्टच्या काहींना वाट देतो. ओरड झाली, काही महिन्यांत त्यांनी ते दुरुस्त केलं. ब्रेव्ह काढला ब्रेंडन आइक यांनी, मोझिलाच्या संस्थापकांपैकीच एक. जून २०२०मध्ये असं दिसलं की पट्टीत एका क्रिप्टो बाजाराचं नाव टाकलं की ब्रेव्ह त्याला आपला दलालीचा शिक्का जोडून पत्ता पूर्ण करतो. आइक यांनी चूक झाली म्हणून माफी मागितली आणि ते बंद केलं. शिक्क्याचा मोह कुणालाच सुटत नाही, वहिनी. सुनेचं ऐका, घरात शांतता राहील.

विंडोजच्या खालच्या पट्टीत काही शोधलं की माझा फायरफॉक्स सोडून एज उघडतो आणि बिंगचे निकाल येतात. हा व्हायरस आहे का? — शिक्षक, गडहिंग्लज

नाही सर, ही घरमालकाची इच्छा आहे. ती शोधपेटी मायक्रोसॉफ्टची, ब्राउझर एजही मायक्रोसॉफ्टचा आणि शोधयंत्र बिंगही. तुम्ही मुख्य ब्राउझर कोणताही निवडा, ती पेटी आपल्याच घरात नेते. युरोपातल्या लोकांना कायद्याने यातून थोडी मोकळीक मिळवून दिली आहे. आपण त्या पेटीत फक्त संगणकातल्या फायली शोधाव्यात आणि इंटरनेटवरचं शोधायला आधी फायरफॉक्स उघडावा. मला दोन महिने लागले सवय लागायला.

नवीन फोनवर शोधयंत्र निवडायला मिळणार असं वाचलं होतं. ते सरकारने केलं का? — दुकानदार, मालवण

भारतीय स्पर्धा आयोगाने केलं. ऑक्टोबर २०२२मध्ये आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड ठोठावला आणि फोन पहिल्यांदा चालू करताना गिऱ्हाइकाला शोधयंत्र निवडू द्या असं बजावलं. जानेवारी २०२३मध्ये गूगलने तशी सोय देत असल्याचं जाहीर केलं. पण फोन घेताना आपण काय करतो? दुकानातल्या पोराच्या हातात देतो, "जरा चालू करून दे." तो दीड मिनिटात सगळ्या चौकटी उडवून देतो, कारण मागे रांग असते. तुम्ही स्वतः दुकानदार आहात. पुढच्या वेळी चौकटी स्वतः वाचा, आणि त्या पोराला चहा पाजा.

बाई, मी वीस वर्षं फायरफॉक्स वापरतो. गूगलच्या पैशावर तो जगतो हे वाचून वाईट वाटलं. पाचशे रुपये पाठवायचे आहेत. कुठे पाठवू? — निवृत्त तारमास्तर, नागपूर

आजोबा, तुमचं हे पत्र मी दोनदा वाचलं. पण पाठवण्याआधी एक ऐका. मोझिलाला दिलेली देणगी मोझिला फाउंडेशनकडे जाते, म्हणजे धर्मादाय संस्थेकडे. तिथे ती इंटरनेटविषयीच्या जनजागृतीला, मोहिमांना लागते. फायरफॉक्स बनवते ती त्या फाउंडेशनच्या मालकीची वेगळी कंपनी, आणि तुमचे पाचशे रुपये ब्राउझरवर काम करणाऱ्या माणसापर्यंत पोचत नाहीत. बहुतेक देणगीदारांना हे ठाऊक नसतं, आणि मोझिलाने ते जरा ठळक अक्षरांत सांगायला हवं असं माझं मत आहे. फायरफॉक्सला मदत करायची तर तो वापरत राहा आणि शोध त्याच्या पट्टीतूनच घ्या. गूगलचं पान वेगळं उघडून तिथे लिहिलंत तर शिक्का लागत नाही.

मात्र त्याच घरातलं थंडरबर्ड हे ईमेल वाचायचं सॉफ्टवेअर खरोखर लोकांच्या देणग्यांवर चालतं. त्यात शोधाचा गाळाच नाही, त्यामुळे पागडी कोण देणार? मी दरवर्षी तिथे पाचशे पाठवते. पावती ईमेलने येते आणि थंडरबर्डमध्येच उघडते.